घसा दाखवायला गेले होते

मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. पोरींच्या भाषेत सांगायचं तर मी 'पीटीवाली मॅडम'. माझा आवाज दणदणीत. स्नेहसंमेलनात माईक बंद पडला की मुख्याध्यापक हसत म्हणायचे, "माईकवाल्याला राहू द्या, सुषमा मॅडमना बोलवा." मैदानाच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाची पोरगी जागच्या जागी उभी राहायची.

त्या वर्षी शाळा सुरू झाली आणि तो आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग चिरका, मग नुसती हवा. आईनं माहेरून, करडीहून ज्येष्ठमध पाठवलं. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, अडुळसा, सगळं झालं. पंधरा ऑगस्टला मी मैदानात उभी राहिले, छातीभर श्वास घेतला आणि 'सावधान' म्हटलं, तर पंक्चर झालेल्या ट्यूबमधून निघावा तसा आवाज निघाला. पहिल्या रांगेतल्या मुली हसल्या. माझं तोंड पाहून लगेच गप्पही झाल्या. शेवटी परेड दुसऱ्या शिक्षकांनी घेतली.

ज्यांना माझ्यासारखंच काही ऐकायला मिळालं असेल, किंवा उद्या मिळेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुस्तकातली माहिती डॉक्टर सांगतीलच. मी फक्त माझ्यावर काय गुजरलं ते सांगते.

आधीपासून होतंच

आज मागे वळून पाहिलं की वाटतं, शरीर वर्षभर सांगत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मी मधल्या पायरीवर थांबायचे आणि खिडकीतून काहीतरी बघतेय असं दाखवायचे. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून एकाच्या दोन उशा झाल्या, दोनाच्या तीन. कधी काही कारण नसताना छातीत धडधड सुटायची, तीही बेताल, ढोलकीवाल्याचा हात चुकल्यासारखी. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला होता. तो ओढला की थोडं बरं वाटायचं, की बरं वाटावं असं मला वाटायचं, कोण जाणे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी माझे गाल लालसर दिसायला लागले. मी सावळी, तरी गालांवर जांभळट लाली चढायची. स्टाफरूममध्ये सगळ्या विचारायच्या, "मॅडम, चेहऱ्यावर काय लावून राहिल्या?" मीही खूश. ती लाली आजाराची खूण असू शकते, हे कोणाच्या स्वप्नात येणार?

निदान

भंडाऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या, माझ्याहून लहानच असतील. त्यांनी नाकातून बारीक नळी घातली आणि बाजूच्या पडद्यावर मला माझाच घसा दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या. मी 'ई' म्हटलं की उजवी हलायची, डावी मात्र रुसल्यासारखी पडून राहायची.

"ताई, तुमचा घसा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "या डाव्या पट्टीला हलवणारी नस छातीतून वळसा घेऊन येते. तिच्यावर कुठंतरी दाब पडतोय. छातीचा एक्स-रे काढून या."

माझे यजमान प्रकाश सोबत होते. ते जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. बोलणं कमी, काम चोख, असा माणूस. दाब म्हटल्याबरोबर आम्हा दोघांच्याही मनात एकच शब्द आला, आणि दोघांनीही तो उच्चारला नाही. एक्स-रे हातात येईपर्यंत आम्ही बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होतो. मला ते आजही पाठ आहे.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाल्या, "गाठ वगैरे काही नाही. तुमचं हृदय मोठं झालंय."

मला हसू आलं. 'मोठ्या मनाची' असं लोक कौतुकानं म्हणतात. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिथूनच नागपूरच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला.

नागपूरच्या डॉक्टरांनी मला डाव्या कुशीवर झोपवलं, डाव्या स्तनाखाली स्टेथोस्कोप ठेवला आणि म्हणाले, "श्वास पूर्ण सोडा. आता घेऊ नका, थांबा." डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी स्टेथोस्कोपच्या नळ्या माझ्याच कानात घातल्या. "तुम्हीही ऐका."

लहानपणापासून ऐकलेलं ते 'लब-डब' काही नव्हतं. एक खणखणीत ठोका, आणि त्यामागून गडगड, लांबच्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, ट्रॅक्टर फिरत असावा तशी.

"लहानपणी सांधे दुखायचे?" त्यांनी विचारलं.

एकदम सगळं आठवलं. गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, मी शाळेत खो-खो खेळायचे. जिल्ह्याच्या संघाची निवड होती. त्याच्या काही दिवस आधी घसा धरला, ताप आला, आणि मग गुडघे टम्म सुजले. गुडघे उतरले की घोटे, घोटे उतरले की मनगटं. करडीत सगळे म्हणाले, वात आहे. आईनं निर्गुडीच्या पाल्यानं शेकलं. महिन्याभरात मी उठून पळायला लागले. निवड हुकली याचंच दुःख केलं आणि विसरून गेले.

"तो ताप सांध्यांना चाटून गेला आणि हृदयाला चावून गेला," डॉक्टर म्हणाले. "माहेरी धानाची शेती का? मग तलावाचं दार पाहिलंच असेल. दार गंजून अर्धंच उघडायला लागलं तर पुढच्या बांधीत पाणी कमी जातं आणि मागं तुंबतं. तुमच्या हृदयातल्या डाव्या बाजूच्या एका झडपेचं तसंच झालंय. मागं रक्त तुंबतं, फुफ्फुसं ओली होतात, म्हणून दम. मागचा कप्पा फुगून नसेला दाबतो, म्हणून आवाज गेला."

घसा, दम, उशा, धडधड, गाल. वर्षभराची सगळी कोडी त्या माणसानं मिनिटभरात सोडवली. खरं सांगते, भीती नंतर आली. आधी वाटलं, चला, हे माझ्या मनाचे खेळ नव्हते.

मौद्याचा चहा

इको झाला. झडप चुन्यासारखी कडक झाली होती आणि गळतही होती. त्यामुळे मांडीतून फुगा नेऊन उघडण्याचा सोपा मार्ग बंद. छाती उघडून नवी झडप बसवायची.

परतताना प्रकाशनं मौद्याला गाडी थांबवली. चहा आला, साय धरली, तरी कपाला हात लागेना.

"डॉक्टर का का म्हणाले, तुले आठवते?" त्यांनी विचारलं.

"तुमी तं होते ना तिथं."

"मले 'छाती उघडा लागते' येवढंच ऐकू आलं. त्याच्या बादचं काईच नाई."

मग मी त्यांना माझ्या त्या फुटक्या आवाजात सगळं परत सांगितलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मला ते समजलं आहे. डॉक्टरांकडे जाताना सोबत कोणीतरी न्या, हे सगळेच सांगतात. मी म्हणेन, घरी आल्यावर त्या सोबत्यालाही नीट समजावून सांगा. तोही घाबरलेलाच असतो.

आईला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ती करडीहून तशीच, शेतातल्या लुगड्यावर आली. "माह्या लेकीची छाती कायले फाडा लागते? गोळ्या नाई का येत याच्यावर? मीच म्हणलं होतं वात आहे. मलेच नाई समजलं."

"आई, गावात कोनालेच नाई समजलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग उठून हात धुतले, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि स्वयंपाकघरात शिरली. "मी रायतो इथं. सांचीचं मी पायतो. तू जा अना बरी होऊन ये."

सांची माझी लेक, तेव्हा सहावीत होती. ऑपरेशनच्या सकाळी तिचा फोन आला. मला वाटलं रडेल.

"आई, तुझी जुनी झडप घरी आणता येईल का? मले पायची आहे."

मी इतकी हसले की सिस्टर धावत आल्या आणि म्हणाल्या, ताई, नाडी वाढेल.

ट्रक, मेटाडोर, सायकल

दवाखान्यात आपला दिवस आपला राहत नाही. पहाटे वजन, मग रक्त, मग बीपी, मग लघवी मोजायची, मग कोणीतरी येऊन पुन्हा नाव विचारायचं. तुम्हाला तुमचं नाव इतक्यांदा आयुष्यात कोणी विचारलं नसेल. सुरुवातीला मी चिडायचे. नंतर कळलं, की चुकीच्या माणसावर चुकीची गोष्ट होऊ नये म्हणून विचारतात.

शेजारच्या खाटेवर साकोलीकडच्या अनुसया काकू होत्या. त्यांचं ऑपरेशन माझ्या आधी झालेलं. छातीवर लांब पट्टी, कुशीत उशी. माझं उतरलेलं तोंड पाहून त्या म्हणाल्या, "पोरी, खरं सांगू का? पैल्या दिवशी वाटते, अंगावरून टरक गेला. मंग दोन दिवसांनं वाटते, मेटाडोर गेला. मंग सायकल. मी आता सायकलवर आली आहो."

एवढं खरं दुसऱ्या कोणीच सांगितलं नव्हतं. सगळे म्हणत होते, काही होत नाही, घाबरू नकोस. काही होत नाही म्हटलं की भीती एकटी पडते. ट्रक जाणार आहे हे कळलं की निदान तयारी तरी होते.

शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती, हात बांधलेले होते आणि बोलता येत नव्हतं. हा भाग कोणाला सांगताना मी साखर घालत नाही. तो वाईट असतो. पण तो थोडा असतो. एका सिस्टरनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाल्या, "ऑपरेशन छान झालं. नळी थोड्या वेळात काढू. तुम्ही फक्त माझा हात दाबा." मी दाबला. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही, पण तो हात ओळखता येईल.

नळी निघाल्यावर त्यांनी चमच्यानं पाणी पाजलं. दोन चमचे. त्या पाण्याला चव होती.

आणि मग मी श्वास घेतला. छाती ठणकत होती, नळ्या टोचत होत्या, तरी श्वास आत गेला तो थेट तळापर्यंत गेला. कुठं अडला नाही. किती वर्षांनी कोण जाणे. दुखत असूनही मी तो पुन्हा पुन्हा घेत होते, नवीन पातळ नेसून आरशासमोरून पुन्हा पुन्हा जावं तसा.

मग ट्रक गेला. मेटाडोर गेला. तीन गोळ्यांचं ते श्वास आत ओढायचं प्लास्टिकचं खेळणं देतात, त्यात आधी एकच गोळी हलायची. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, हे काकूंनी शिकवलं. ज्या दिवशी तिन्ही गोळ्या वर गेल्या, त्या दिवशी काकूंनी खाटेवरूनच टाळ्या वाजवल्या आणि सगळा वॉर्ड आमच्याकडे पाहू लागला.

घरी

घरी आल्यावर लोक म्हणतात, सुटलात. पण खरी परीक्षा घरीच असते. मी विनाकारण रडायचे. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून रडले, टीव्हीवर कोणाचं लग्न पाहून रडले. मला वाटलं आता डोकंही बिघडलं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या ऑपरेशननंतर पुष्कळांना असं होतं, उतरेल. उतरलं. तुम्हालाही झालं तर लाजू नका, सांगा.

नवी झडप धातूची. खोली शांत असली की तिची टिकटिक बाहेर ऐकू येते. आईनं माझ्या छातीला कान लावला आणि म्हणाली, "घड्याळच बसवलं व याईनं." रक्त पातळ राहण्याची गोळी आता जन्मभर, आणि अधूनमधून रक्ताची तपासणी. पालेभाजीनं त्या गोळीचा जोर कमी-जास्त होतो. भाजी सोडायची नसते, रोज सारखी ठेवायची असते. हिवाळ्यात लाखोरीच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीवर ताव मारायची माझी सवय तेवढी गेली. आता वाटीभरच.

शरीर सुधारत गेलं आणि घर बिघडत गेलं. प्रकाश मला काही करू देईनात. बादली उचलायची नाही, हे ठीक. पण महिने गेले, डॉक्टरांनी सगळी कामं करायला मुभा दिली, तरी पाण्याचा तांब्यासुद्धा हातातून काढून घ्यायचे. मग एक दिवस शाळेतून फोन आला तेव्हा कळलं, त्यांनी मला न विचारता मुख्याध्यापकांना भेटून सांगितलं होतं, की हिला मैदानावर घेऊ नका, ग्रंथालय द्या.

मी इतकी संतापले, की नव्या झडपेची टिकटिक मलाच जोरात ऐकू येत होती.

"तुमाले बायको पायजे का काचेचं भांडं?"

"सुषमे, आवाज कमी कर. तब्येत..."

"आवाज आहे का माह्याजवळ, कमी कराले? आवाज गेला, थो गेला. आता मैदान बी तुमीच घेऊन घ्या!"

ते मटकन खुर्चीवर बसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.

"तू झोपते," ते म्हणाले, "अना मी थे टिकटिक ऐकत रायतो. थांबली तं, म्हनून. मले झोपच नाई लागत. तू मैदानात पळशीन अना मी कारखान्यात असीन, तं मले ऐकू कसं येईन?"

माझा राग जागच्या जागी जिरला. ऑपरेशन माझं झालं होतं. ट्रक त्यांच्याही अंगावरून गेला होता. त्यांना मात्र कोणी उशी दिली नव्हती.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना म्हटलं, आज माझं नाही, यांचं ऐका. डॉक्टरांनी मला चालत्या पट्ट्यावर चढवलं, प्रकाशला पडद्यासमोर उभं केलं आणि माझे ठोके दाखवले. पट्टा वेगात पळत होता, मी त्यावर भरभर चालत होते, आणि आलेख धानाच्या रोवणीसारखा सारख्या अंतरानं पुढं जात होता. प्रकाश तोंड उघडं ठेवून पाहत होते. परतताना म्हणाले, "ग्रंथालयाचं मीच सांगतो हेडसरले. नाई म्हनून."

गॅस!

आवाज परत येईलच असं कोणी सांगितलं नव्हतं. नस किती दबली होती यावर ते आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. मी व्यायाम करायचे, 'आ' आणि 'ई' म्हणत बसायचे, सांची माझी नक्कल करायची.

एका रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला.

"सांची! गॅस!"

समोरच्या क्वार्टरमधल्या बाईनं दार उघडलं. आई हातातलं सूप घेऊन बाहेर आली. प्रकाश आंघोळ अर्धवट टाकून टॉवेलवर आले. सांची तर गॅस विसरून माझ्याकडेच पाहत राहिली. दूध सगळं उतू गेलं. भांडं घासून निघालं नाही, फेकावं लागलं. घरात कोणी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

मी मैदानावर परत गेले. खो-खोचा संघ पुन्हा बांधला. त्यात आठवीतली भाग्यश्री होती, खांबाला अशी गिरकी घ्यायची की पाहत राहावं. ती एक दिवस लंगडत आली. गुडघा सुजलेला. दोन दिवसांनी गुडघा बरा, तर घोटा सुजला.

"घसा दुखला होता का आधी?" मी विचारलं.

"हो मॅडम. तापबी होता."

मी शाळा सुटायची वाट पाहिली नाही. तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "पोट्टी वाढून राहिली मॅडम, पाय तं दुखतेतच." मी पदर थोडा सरकवून छातीवरचा व्रण दाखवला. बाई लगेच चपला घालून निघाली.

तपासणीत तोच ताप निघाला. पण हृदय स्वच्छ होतं. आता तिला ठरलेल्या दिवशी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, पुढची बरीच वर्षं. दुखतं, म्हणून ती तोंड वाकडं करते. मी सोबत जाते. मागच्या हंगामात ती जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. यादीत तिचं नाव वाचलं तेव्हा मी मैदानाला एक अख्खी चक्कर मारली. पळत.

आंबागड

यंदा हिवाळ्यात मुलींची सहल तुमसरकडच्या आंबागड किल्ल्यावर नेली. प्रकाशनं रजा काढली आणि सोबत आले. पाठीवर पिशवी, तिच्यात पाणी, ग्लुकोज, माझ्या गोळ्या, माझी फाईल, आणि काय काय.

मुली पुढं पळाल्या. मी माझ्या चालीनं चढत होते. झाडांतून ऊन येत होतं, खाली रान पसरलं होतं, आणि श्वास आत-बाहेर जात होता, त्याच्याकडं लक्षही द्यावं लागत नव्हतं. बरंच वर गेल्यावर मागून हाक आली.

"सुषमे... थांब ना व जरा."

वळून पाहिलं तर प्रकाश खाली एका दगडावर बसलेले, शर्ट भिजलेला.

मी उतरून त्यांच्याजवळ गेले. "दम लागला का?"

"नाई," ते धापा टाकत म्हणाले. "झाडं पाहून राहिलो."

मी त्यांच्या पाठीवरची पिशवी काढून माझ्या खांद्यावर घेतली. त्यांनी पट्टा धरला, माझ्याकडे पाहिलं आणि सोडून दिला. मी हात पुढं केला. त्यांनी तो धरला, आणि मी त्यांना उठवून वर घेऊन गेले.